गुडघ्याची गादी झिजली म्हणाले, आता पुढे काय करायचं?

काही आठवड्यांपूर्वी पंचवटीतल्या एक मावशी आल्या. काखेत एमआरआयचं लांबलचक पाकीट. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "ताई, फोटोत काय आलंय ते मला कळत नाही. चैत्रात वणीच्या सप्तशृंगी गडावर जाता येईल का, तेवढं सांगा." रिपोर्टात 'ग्रेड ३' लिहिलं होतं. मी पाकीट बाजूला ठेवलं आणि हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा पुढे झुकून, दात आवळून उठल्या. गडाचं उत्तर मला पाकिटापेक्षा त्या उठण्यातून जास्त कळलं.

मी नाशिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. 'गुडघ्याची कूर्चा खराब झालीय', 'गादी झिजलीय', 'गॅप कमी झालाय' यातलं एखादं वाक्य ज्यांनी नुकतंच पहिल्यांदा ऐकलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझ्या आईनेही ते एकदा ऐकलं होतं. पायऱ्या बंद, चालणं बंद, आराम करा, असं तिला सांगितलं गेलं आणि तिने वर्षभर तो आराम मनापासून पाळला. मी शिकून आले तेव्हा तिच्या दोन्ही मांड्या टेपने मोजल्या. दुखरी मांडी दुसरीपेक्षा ३ सेंटीमीटरने बारीक होती. झिजलेल्या सांध्याला धरून ठेवायचं काम ज्या स्नायूंचं, तेच वर्षभरात वाळून गेले होते. कूर्चेचं नुकसान परत भरत नाही, पण मांडीचं भरतं. पुढचं सगळं त्याच आधारावर आहे.

पायरी १ : आत नेमकं काय आहे ते समजून घ्या

मांडीचं हाड खाली येतं, नडगीचं हाड वर येतं आणि पुढून वाटी. ही तिन्ही हाडं जिथे एकमेकांना भिडतात तिथे त्यांच्या टोकांवर पांढरं, चकचकीत, गुळगुळीत अस्तर असतं. तीच कूर्चा. जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर, वाटीच्या मागे मात्र त्याहून जास्त. शरीरातली सगळ्यात जाड कूर्चा तिथेच असते. तिच्यात बहुतांश पाणीच असतं. ते कोलॅजनच्या जाळीत आणि पाणी धरून ठेवणाऱ्या मोठ्या रेणूंमध्ये अडकलेलं असतं, म्हणून दाब आला की ती किंचित दबते आणि दाब सुटला की पुन्हा फुगते.

या अस्तरात रक्तवाहिन्या नसतात. कातडी कापली तर रक्त येतं, खपली धरते, जखम भरते; कूर्चेला ती सोय नाही. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून होतं आणि तो द्रव तिच्यात शिरतो तो दाबणं-सोडणं, दाबणं-सोडणं यामुळे. भांडी घासायचा स्पंज पिळून पाण्यात सोडला की कसा पाणी ओढतो, तसंच. चालताना प्रत्येक पावलाला हेच घडत असतं. गुडघा महिनोन्महिने हलवलाच नाही तर कूर्चेची उपासमार होते, ती यामुळे.

दुसरी गोष्ट, तिच्यात दुखणं मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसाही नसतात. म्हणजे कूर्चा स्वतः दुखत नाही. दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं आतलं आवरण, आजूबाजूची चरबी आणि स्नायूबंध. यातल्या बऱ्याच गोष्टी शांत करता येतात. एकाच ग्रेडची दोन माणसं घेतली तर एक ब्रह्मगिरीचा डोंगर चढून येतो आणि दुसऱ्याला दूध आणायला जाणं नको वाटतं, त्याचं कारण इथे आहे. चाळिशी-पन्नाशीनंतर काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही कूर्चेत थोडेफार बदल दिसतातच.

गादी म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. हाडावरचं अस्तर ही एक. दोन हाडांच्या मध्ये इंग्रजी 'सी' आकाराच्या दोन चकत्या असतात, ते मेनिस्कस. त्यांच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, त्यामुळे तिथली फाट कधी कधी शिवता येते. तुमच्या रिपोर्टात यातलं नक्की काय बिघडलंय, हे पहिल्या भेटीतच विचारून घ्या.

पायरी २ : तुमचा गुडघा कोणत्या वाटेने इथवर आला?

एक वाट अचानक इजेची. कबड्डीत पाय रोवलेला असताना अंग फिरलं, पावसात खडीवर गाडी घसरली, वाटी सरकली. यात बहुतेक तरुण मुलं-मुली असतात. कूर्चेचा एखादा तुकडाच निघालेला असतो, आजूबाजूचं अस्तर चांगलं असतं. सोबत हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा, म्हणजे लिगामेंटही तुटलेलं असू शकतं.

दुसरी वाट हळूहळू झिजण्याची, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. वय, वजन, घराण्यातला कल, जुनी इजा, पायांचा बाक, वर्षानुवर्षं उकिडवं बसून केलेली निंदणी-खुरपणी, सातपूर-अंबडच्या कारखान्यात ओझी उचलून केलेल्या पाळ्या. यातलं एकच कारण क्वचित असतं.

धावण्याने गुडघे झिजतात हा समज मात्र सोडून द्या. हौसेने, बेताने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज बैठ्या लोकांपेक्षा जास्त आढळत नाही, उलट कमीच आढळते. ज्या जिल्ह्याने सावरपाड्याच्या कविता राऊतला २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य जिंकताना पाहिलं, त्या जिल्ह्यातल्या आईबापांनी पोरींना 'पळू नको, गुडघे जातील' म्हणू नये, असं मला फार वाटतं.

पायरी ३ : थांबायचं नाही अशी लक्षणं

इजेनंतर तासा-दोन तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्तस्राव झालेला असू शकतो. पायावर वजनच टाकता येत नाही. गुडघा अडकलाय, सरळच होत नाही. गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप. पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा; रात्र असली तर तातडीच्या विभागात जा. ताप आणि गरम गुडघा ही जोडी विशेष लक्षात ठेवा. सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर तो काही दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो.

नुसता कटकट आवाज येत असेल, दुखत नसेल, सूज नसेल, तर घाबरायचं काही नाही. रोज कोणीतरी मला हा आवाज ऐकवायला गुडघा वाकवून दाखवतं, आणि रोज मी हेच सांगते.

पायरी ४ : तपासणी, कोणती आणि कशासाठी

आधी अस्थिरोगतज्ज्ञांना गुडघा दाखवा. हात लावून, वाकवून, चालवून तपासायला हवं. नुसता फोटो बघून झालेली तपासणी अपुरी असते.

एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही. दिसते ती दोन हाडांमधली मोकळी जागा, जिला सगळे गॅप म्हणतात. ती खरी किती आहे हे पायावर वजन असतानाच कळतं. त्यामुळे एक्स-रे उभं राहून काढायचा आहे ना, हे तंत्रज्ञाला आवर्जून विचारा. झोपून काढलेल्या फोटोत गॅप छान दिसतो आणि माणूस फसतो. एक्स-रेवरची ० ते ४ ही प्रतवारी १९५७ पासून चालत आलेली आहे.

एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. साठीच्या माणसाच्या उभ्या एक्स-रेवर झीज स्पष्ट दिसत असेल तर एमआरआयने उपचार बहुतेक वेळा बदलत नाहीत, पैसे मात्र जातात. तरुण माणूस, इजा, अडकणारा गुडघा, ऑपरेशनचा विचार, अशा वेळी तो हवाच. त्यातल्या ग्रेडचा अर्थ ढोबळमानाने असा: १ म्हणजे अस्तर मऊ पडलंय, २ म्हणजे चीर आहे पण जाडीच्या निम्म्यापेक्षा कमी, ३ म्हणजे निम्म्यापेक्षा खोल, ४ म्हणजे खालचं हाड उघडं पडलंय.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराच: नुकसान एका जागी आहे की सगळीकडे पसरलंय? लिगामेंट आणि मेनिस्कस ठीक आहेत का? पाय बाहेर किंवा आत वाकलाय का? पुढचा सगळा निर्णय या तीन उत्तरांवर असतो.

पायरी ५ : पहिले दहा-पंधरा दिवस, सूज उतरवा

गुडघ्यात पाणी झालेलं असताना जोरात व्यायाम करू नका. सूज असली की मांडीचा पुढचा स्नायू मेंदूचं ऐकेनासा होतो, तुम्ही कितीही ताकद लावा. म्हणून आधी सूज. बर्फाचे तुकडे ओल्या पंच्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नका. आडवं पडताना पाय उशीवर. चालणं बंद करू नका, तुकड्यांत करा, एकदम अर्धा तास नको, दहा-दहा मिनिटं तीनदा.

सूज नाही, नुसता सकाळचा ताठरपणा आहे, तर गरम शेक चालतो. तेल लावून चोळायलाही हरकत नाही, बरं वाटतं. तेल आत शिरून कूर्चेला वंगण देतं हे मात्र खरं नाही.

पायरी ६ : मांडी मजबूत करा

हीच पायरी सगळ्यात जास्त लोक अर्ध्यावर सोडतात आणि हिचाच उपयोग सगळ्यात जास्त होतो. दुखण्यावरच्या गोळीइतका आराम नीट केलेल्या व्यायामाने मिळतो, आणि पोटाला त्रास नाही. मात्र गोळी तासाभरात काम करते, व्यायामाला सहा ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून सोडलंत तर सगळी मेहनत वाया.

सुरुवात अंथरुणावरच करा. चादरीची घट्ट सुरळी करून गुडघ्याखाली ठेवा. पाय सरळ, पंजा स्वतःकडे ओढलेला. आता गुडघ्याने ती सुरळी गादीत दाबायची. वाटीच्या वर, आतल्या बाजूला बोट ठेवा. तिथे थेंबाच्या आकाराचा स्नायू फुगून कडक झाला पाहिजे. तो फुगत नसेल तर तुम्ही नितंबाने दाबताय. पाच मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. कित्येकांना पहिले दोन दिवस तो स्नायू सापडतच नाही. माझ्या आईला चार दिवस लागले. ती रोज बोट ठेवून बसायची आणि पाचव्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरातून हाक मारून सांगितलं, "अगं, आला बघ!"

ते जमलं की पाठीवर झोपा, एक पाय दुमडा, दुसरा गुडघा ताठ ठेवून पाय फूटभर उचला, पाच मोजा आणि हळू खाली आणा. खाली आणणं हाही व्यायामच आहे, पाय धपकन टाकू नका. मग दोन्ही गुडघे दुमडून कंबर उचलायची. मग कुशीवर वळून वरचा पाय बाजूला उचलायचा. खुब्याचे स्नायू कमजोर असले की चालताना गुडघा आत पडतो आणि सगळा भार एकाच कडेवर येतो, म्हणून हा शेवटचा प्रकार टाळू नका.

दोन आठवड्यांनी उभ्याचे व्यायाम. खुर्चीतून उठणं-बसणं हा त्यातला राजा. खुर्ची उंच घ्या, लागली तर वर उशी ठेवा. हात छातीवर. पावलं नितंबाएवढ्या अंतरावर, गुडघे पंजाच्या दिशेत. उठायला एक मोजा, बसायला तीन. आठ वेळा, थोडं थांबून पुन्हा आठ, असे तीन फेरे. सोपं वाटायला लागलं की उशी काढा, मग खुर्ची बदलून बुटकं स्टूल घ्या. नंतर घराच्या एकाच पायरीवर चढणं-उतरणं.

वजन वाढवायला जिमच हवी असं नाही. एक किलोची मिठाची पुडी जाड मोज्यात घालून घोट्याला बांधा. आधी एक, महिन्याने दोन. ताकदीचे हे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. स्नायू वाढतो तो मधल्या विश्रांतीत. बाकीच्या दिवशी चालणं, सायकल किंवा पोहणं. पाण्यात गुडघ्यावरचा भार बराच कमी होतो, त्यामुळे जाड आणि फार दुखणाऱ्या माणसांनी महापालिकेच्या तरणतलावात नुसतं छातीभर पाण्यात चालायला सुरुवात केली तरी चालेल. सायकलची सीट उंच ठेवा. पायडल खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा.

दुखण्याचं काय? शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर चारपर्यंतचं दुखणं व्यायाम करताना चालतं. २४ तासांत ते पूर्ववत व्हायला हवं. दुसऱ्या दिवशी सूज आली किंवा जास्त दुखलं तर पुढच्या वेळी फेरे कमी करा, व्यायाम बंद करू नका. एका वहीत रोज तीन आकडे लिहा: किती चाललो, किती दुखलं, दुसऱ्या सकाळी कसं होतं. सहा आठवड्यांनी ही वही मला कोणत्याही रिपोर्टपेक्षा जास्त सांगते.

एक कळकळीची विनंती. फिजिओथेरपीच्या नावाखाली कोणी दहा दिवस नुसती मशीन लावून शेक देत असेल आणि एकही व्यायाम शिकवत नसेल, तर विचारा की व्यायाम कधी सुरू करायचा. मशीनने दोन तास बरं वाटतं. मांडी मशीनने बनत नाही.

पायरी ७ : घरातल्या आणि बाहेरच्या सवयी

आपलं निम्मं आयुष्य जमिनीवर जातं. गुडघा पूर्ण दुमडला की वाटीच्या मागे शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. दुखणं जोरात असेल त्या काळात पाटाऐवजी टेबल, जमिनीवरच्या पूजेऐवजी खुर्चीपुढे चौरंग, लादी पुसायला दांड्याचा पोछा, आणि देशी संडास असेल तर त्यावर ठेवायची खुर्ची घ्या. ही खुर्ची सर्जिकल दुकानात मिळते. म्हाताऱ्या माणसांना ती आणून द्यायला घरचे महिनोन्महिने लावतात आणि ती माणसं लाजेने मागत नाहीत. आज आणून द्या.

जमिनीवर बसणं कायमचं बंद, असं मी सगळ्यांना सांगत नाही. दुखणं उतरलं, ताकद आली की हळूहळू मांडी घालून बघता येते. उकिडवं आणि वज्रासन सगळ्यात शेवटी.

वाटीमागे दुखणाऱ्यांना एकाच जागी गुडघा वाकवून बसणं सोसत नाही. पुण्याला एसटीने जाताना कडेची सीट घ्या आणि दर अर्ध्या तासाने पाय सरळ करा.

चालायला सपाट, मातीची जागा निवडा. गोल्फ क्लबचा ट्रॅक किंवा जवळचा जॉगिंग ट्रॅक. तळ मऊ असलेले बूट घ्या, घासलेल्या स्लिपर नकोत. काठी लागत असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची; दहातले आठ जण उलटी धरतात.

आणि पायऱ्या. नाशिकच्या माणसाला पायऱ्या चुकत नाहीत. रामकुंडाचे घाट आहेत, पांडवलेणी आहे, वणीचा गड आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, कठडा धरून. उतरताना गुडघ्यावर जास्त ताण येतो, हे लक्षात ठेवून शक्ती राखून ठेवा. सप्तशृंगीला २०१८ पासून फ्युनिक्युलर, म्हणजे रुळावरून डोंगर चढणारी ट्रॉली आहे. ट्रॉलीने गेल्याने दर्शनात काही कमी पडत नाही, हे मी सासूबाईंच्या वयाच्या बायकांना हात धरून सांगते. श्रावणात तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी करायची असेल तर तयारी तीन महिने आधी सुरू करा: रोजचं अंतर दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. ओल्या दगडावरची ती वाट अनोळखी गुडघ्याला सोसत नाही.

पायरी ८ : वजन

थोडक्यात सांगते, कारण वजनावर बोलणी सगळ्यांनी खाल्लेली असतात. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. ८० किलोच्या माणसाने सहा महिन्यांत ४ ते ८ किलो कमी केले तरी दुखण्यात फरक कळतो. चरबी नुसतं ओझं नसते, ती दाह वाढवणारी द्रव्यंही सोडते. उपास करू नका. उपासाने मांडीचा स्नायूही जातो, जो आपण आत्ताच मिठाच्या पुड्या बांधून मिळवला. साबुदाणा आणि मिसळीवरची तर्री कमी करा, मटकी वाढवा, डाळ-अंडी-ताक रोज घ्या.

पायरी ९ : गोळ्या, इंजेक्शनं आणि जाहिराती

वरून लावायचं डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचं जेल पहिल्यांदा वापरून बघा. गुडघा कातडीच्या जवळ असल्याने ते पोहोचतं आणि पोटाला फारसं बाधत नाही. पोटातून घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, थोडे दिवस. रक्तदाब, किडनी, हृदयविकार किंवा अल्सर असेल तर आधी सांगा. दुकानातून परस्पर गोळ्या घेत राहून किडनी बिघडवून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

कूर्चेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाईन आणि कॉन्ड्रॉइटिन या गोळ्यांची अमेरिकेत मोठी चाचणी झाली. २००६ साली आलेल्या निष्कर्षांत सगळ्या रुग्णांचा मिळून विचार करता साध्या साखरेच्या गोळीपेक्षा त्यांचा विशेष फायदा दिसला नाही. महिन्याला त्यावर जाणारे पैसे खुर्ची आणि बुटांवर घाला.

स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे चांगला आराम देतं. सूज फार असेल, व्यायाम सुरूच करता येत नसेल तर एखादं घ्यायला हरकत नाही. दर तीन महिन्यांनी घेत राहू नका. दोन वर्षं तसं देऊन पाहिलेल्या २०१७ च्या एका अभ्यासात दुखणं कमी झालं नाही, कूर्चा मात्र जास्त पातळ झाली. वंगणाच्या म्हणजे हायलुरॉनिक ॲसिडच्या इंजेक्शनांचा फायदा अनेक अभ्यासांत अगदी किरकोळ दिसलाय. पीआरपी म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट काढून गुडघ्यात देणं. याची सध्या फार चलती आहे, पण ऑस्ट्रेलियातल्या २०२१ च्या चाचणीत वर्षभरानंतर मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनाइतकाच परिणाम आढळला. काही जणांना बरं वाटतं हे मी नाकारत नाही. 'यामुळे गादी पुन्हा तयार होते' असं कोणी छातीठोक सांगत असेल तर मात्र तिथून उठा.

पायरी १० : ऑपरेशनचा विषय निघाला तर

झीज सगळीकडे पसरलेली असेल तर दुर्बिणीतून गुडघा 'साफ' करून घेऊ नका. अमेरिकेतल्या २००२ च्या एका अभ्यासात काही रुग्णांना फक्त कातडीवर छेद देऊन आत काहीच केलं नव्हतं. त्यांच्यात आणि खरं ऑपरेशन झालेल्यांत दुखण्याचा फरक सापडला नाही. अडकलेला तुकडा काढायचा असेल तर गोष्ट वेगळी.

तरुण गुडघा, एकाच जागी खड्डा, बाकी सगळं चांगलं, अशांसाठी दुरुस्तीचे मार्ग आहेत. खालच्या हाडाला बारीक भोकं पाडून रक्त वर आणायचं, त्या गुठळीतून नवं अस्तर तयार होतं, पण ते मूळ कूर्चेपेक्षा राठ असतं. दुसरा मार्ग, गुडघ्याच्या कमी भाराच्या जागेतून हाडासकट कूर्चेचे दंडगोल काढून खड्ड्यात बसवायचे. तिसरा, स्वतःच्याच कूर्चेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा लावायच्या. याची सुरुवात १९८७ साली स्वीडनमध्ये झाली आणि यात बहुधा दोन ऑपरेशनं लागतात. कोणताही मार्ग घ्या, काही आठवडे कुबड्या आणि खेळात परतायला नऊ महिने ते वर्ष किंवा जास्त धरून चाला. सुट्टी, पैसा, घरची मदत याची सोय आधी करा.

पाय बाहेर वाकून फक्त आतली बाजू झिजली असेल आणि वय फार नसेल, तर नडगीचं हाड कापून पाय सरळ करता येतो आणि भार चांगल्या बाजूवर जातो. सांधेबदल, ज्याला आपण वाटी बदलणं म्हणतो, तो शेवटचा पण चांगला उपाय आहे. रात्री झोप लागत नाही, घरातल्या घरात चालवत नाही, तीन-सहा महिने नीट व्यायाम करूनही फरक नाही, तेव्हा त्याचा विचार करा. सांधेबदलाच्या देशपातळीवरच्या मोठ्या नोंदींनुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी साधारण ८० टक्क्यांहून अधिक गुडघे २५ वर्षं टिकतात. ऑपरेशनआधी मांडी जितकी मजबूत, तितकं नंतरचं चालणं लवकर. त्यामुळे सहावी पायरी वाया जात नाही.

खर्चाबद्दल: गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या किमतींवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवायला सांगा आणि त्याचे स्टिकर फाइलमध्ये जपून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांत रुग्णांच्या मदतीला आरोग्यमित्र बसतात. तुमची शस्त्रक्रिया योजनेत बसते का हे भरती होण्याआधी त्यांना विचारा, रेशनकार्ड सोबत न्या.

पायरी ११ : बारा आठवड्यांनी पुन्हा मोजा

पहिल्या दिवशी आणि बारा आठवड्यांनी, दोन्ही वेळा हेच करा. भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर, मोबाइलवर ३० सेकंद लावा आणि किती वेळा पूर्ण उठता-बसता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बाराच्या खाली आकडा आला तर ताकद कमी आहे असं धरतात, त्याच वयाच्या पुरुषाला चौदाच्या खाली. टेपने दोन्ही मांड्या वाटीपासून सारख्या अंतरावर मोजा. वही उघडून पहिला आणि शेवटचा आठवडा शेजारी ठेवा. आकडे हलले नसतील तर वही घेऊन फिजिओकडे जा. बहुतेक वेळा वजन वाढवायचं राहून गेलेलं असतं किंवा दुखतंय म्हणून मधले आठवडे सुटलेले असतात.

पंचवटीच्या त्या मावशींचा पहिल्या दिवशीचा आकडा चार होता. गेल्या सोमवारी सात झाला. चैत्राला अजून वेळ आहे. जाताना ट्रॉली आणि येताना कठडा धरून पायऱ्या, असं आमचं ठरलंय. मिठाची दुसरी पुडी त्या या आठवड्यात बांधणार आहेत.